सहरीला उठणारा माणूस ईदनंतर कुठे जातो?

रमजानचा चाँद दिसला की मोहल्ल्याचे घड्याळच बदलते. पहाटे साडेचारला स्वयंपाकघरातले दिवे लागतात, गल्लीत कुणीतरी शेजाऱ्याचे दार वाजवते, सहरीची वेळ संपता संपता पाण्याचा शेवटचा पेला घेतला जातो. मग दिवसभर दुकान, गॅरेज, माग, शाळा, कचेरी नेहमीसारखीच चालू. सूर्य मावळला की इफ्तार आणि मगरिबची नमाज, पुढे इशा आणि इशाला जोडून तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची जादा नमाज. वीस रकाती पढल्या जातात त्या मशिदीतून घरी यायला दहा वाजतात. अंथरुणाला पाठ टेकते न टेकते तोच पुन्हा साडेचार.

हीच माणसे उरलेले अकरा महिने सांगतात की व्यायामाला वेळ मिळत नाही. ती खोटे बोलत नसतात. सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकानात उभ्या असलेल्या माणसाला फिरायला जा म्हणून सांगणे सोपे असते. पण रमजानात दिवसाचे तास वाढलेले नसतात. झोप कमी झालेली असते, पोट रिकामे असते, कामाला सुट्टी नसते. तरीही रोज तास-सव्वातास उभे राहायला वेळ निघतो, आणि ताकदही येते.

हा वेळ येतो कुठून? रोजा ज्याचा त्याचा असला तरी रोजेदार एकटा नसतो. जाग आली नाही तर आई उठवते, आई झोपली राहिली तर शेजारीण उठवते. तरावीहच्या रांगेत रोज तोच माणूस शेजारी उभा असतो आणि एक रात्र गैरहजेरी पडली की दुसऱ्या दिवशी चौकशी करतो. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, सोबत ठरलेली. ‘आज जावे की उद्यापासून सुरू करावे’ हा प्रश्नच उरत नाही. व्यायामाचे बहुतेक संकल्प मोडतात ते नेमके याच प्रश्नापाशी.

वारीतही हेच घडते. एरवी कोपऱ्यावरची भाजी आणायला दुचाकी काढणारा माणूस आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर चालून जातो. आषाढ लागला म्हणून त्याच्या पायांत नवे बळ आलेले नसते. पुढे-मागे दिंडी असते, मुक्काम ठरलेला असतो, आणि मध्येच बसला तर हाताला धरून उठवणारे असतात. जुन्या तालमींचेही गुपित हेच. कोल्हापूर-सांगलीकडे ज्या तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही, तिथे पहाटे जोर-बैठका काढणारा पोरगा स्वतःच्या निश्चयावर उठत नसे. वस्तादाची नजर चुकवता येत नाही म्हणून उठत असे. त्या आखाड्यांवर जागोजागी आता मंडळांची कार्यालये झाली आणि व्यायाम ही ज्याची त्याची खासगी बाब होऊन बसली. तिथूनच तो बुडायला लागला.

येथे एक गोष्ट बाजूला करायला हवी. रमजान आला की मोबाईलवर संदेश फिरू लागतात: नमाज हाच सर्वोत्तम व्यायाम, अमुक आसन म्हणजे तमुक नमाजीची अवस्था, वगैरे. हेतू चांगला असेल, पण त्यातून दोन्हींचे नुकसान होते. वीस रकातींत वीस रुकू आणि चाळीस सजदे होतात, गुडघे-कंबर हलते, इफ्तारनंतर लगेच आडवे होण्यापेक्षा हे कितीतरी बरे, एवढे खरे. पण नमाज इबादत म्हणून पढली जाते, कॅलरी मोजण्यासाठी नव्हे. आणि दम लागेल असे चालणे नमाजीत होत नाही, हेही तितकेच खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. त्याच सूचनांत कामकरी माणसाच्या सोयीची एक दुरुस्ती आहे. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरत नसत. आता ती अट काढून टाकली आहे. पाच मिनिटे जिना चढणे, मशिदीपर्यंत झपझप चालत जाणे, दुपारी गल्लीला एक चक्कर, सगळे जमेस धरले जाते. तासभर मोकळा मिळेपर्यंत थांबून राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग रोजे चालू असताना काय करावे? एप्रिल-मेच्या उन्हात येणारा रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत आता थंडीच्या कडेला आला आहे, त्यामुळे प्रश्न थोडा सोपा झाला आहे. निरोगी माणसाने इफ्तारच्या आधी वीस-पंचवीस मिनिटे बेताने चालावे. घरी आल्या आल्या खजूर आणि पाणी समोर असते. ज्यांना वजने उचलायची किंवा जोर मारायचे आहेत त्यांनी ते इफ्तारनंतर तास-दोन तासांनी किंवा तरावीहनंतर करावे. भर दुपारी, कोरड्या घशाने घाम गाळण्यात काही बहादुरी नाही. आणि इफ्तारच्या दस्तरखानावर भजी, समोसे, शरबत यांचा ढीग असेल तर चालण्याचा फायदा तिथेच संपतो. दिवसभर तेरा तास पोटाला आराम देऊन शेवटी तळणीवर तुटून पडणे हे रोज्याच्या उद्देशालाही धरून नाही.

मधुमेह असलेल्यांची गोष्ट निराळी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, तेव्हा हा विषय प्रत्येक मोहल्ल्याचा आहे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा बदलून घ्याव्यात. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, अशी या विषयातल्या तज्ज्ञांची सूचना आहे. बोटाला टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात, तरी कित्येक वडीलधारी माणसे त्या भीतीने महिनाभर तपासणीच करत नाहीत. आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजे पुढे भरून काढण्याची सवलत कुराणातच दिलेली आहे. सवलत घेणे म्हणजे कच खाणे, असा समज मात्र फार घट्ट आहे. बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवान रोजे ठेवून खेळला आणि फेब्रुवारी 1995 मध्ये अमेरिकेतल्या एनबीए स्पर्धेचा त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, ही गोष्ट पोरांना ठाऊक असते. हाशिम आमलाने 2012 च्या रमजानात लंडनच्या ओव्हल मैदानावर नाबाद 311 धावा केल्या तेव्हा प्रवासात असल्यामुळे त्याचा रोजा नव्हता, आणि ते रोजे घरी परतल्यावर भरून काढणार असल्याचे त्याने मोकळेपणाने सांगितले होते. पोरांना ही दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे.

इथवर जे झाले ते बहुतांशी पुरुषांचे. घरातल्या बाईचा रमजान वेगळा असतो. ती साडेचारला नव्हे, साडेतीनला उठते. सर्वांची सहरी झाल्यावर उरलेल्या चार मिनिटांत तिची सहरी. दुपारी तीनपासून इफ्तारची तयारी, इफ्तारनंतर भांडी, भांड्यांनंतर रात्रीचे जेवण, मग मुलांना झोपवून घरातच तरावीह, तीही डुलक्या घेत. पुरुषांचे घड्याळ रमजानात बदलते खरे, पण ते बदलून चालवणारे हात तिचे असतात. तिने व्यायामाला वेळ काढायचा तो कोणत्या तासातून?

यावर ठरलेले उत्तर असते: ‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’. हे वाक्य सर्व धर्मांच्या घरांत सारख्याच सहजतेने बोलले जाते, आणि बहुधा बसून बोलले जाते. शास्त्राने याचा छडा फार पूर्वी लावला आहे. 1953 साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. म्हणजे कामातून व्यायाम होतो, पण काम तसे असेल तर. ओट्यापाशी चार तास एका जागी उभे राहिल्याने पाय सुजतात, दम वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 मध्ये आलेल्या अहवालात भारतातल्या 42 टक्के पुरुषांची आणि 57 टक्के स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी असल्याचे म्हटले आहे. दिवसभर राबणाऱ्या बायकांचा आकडा मोठा निघतो, तो आळसामुळे नव्हे.

धर्माचा हवाला देणाऱ्यांनी एक प्रसंग आठवावा. ‘सुनन अबू दाऊद’ या हदीससंग्रहात नोंद आहे की प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयशा यांनी प्रवासात धावण्याची शर्यत लावली. पहिल्या वेळी आयशा जिंकल्या. पुढे काही काळाने पुन्हा शर्यत झाली तेव्हा प्रेषित जिंकले आणि मागची बरोबरी झाल्याचे त्यांनी हसत सांगितले. चौदाशे वर्षांपूर्वी नवरा-बायको उघड्यावर धावले, त्यात कुणाला वावगे वाटले नाही. आज बुरखा घातलेली बाई ट्रॅकवर दोन फेऱ्या मारताना दिसली की बघणाऱ्यांच्या माना वळतात, आणि त्या फक्त तिच्या मोहल्ल्यातल्याच नसतात. नऊवारीतल्या आजीबाई बूट घालून चालू लागल्या तरी त्याच माना तशाच वळतात.

घरात काही गोष्टी आजपासून होण्यासारख्या आहेत. इफ्तारची फळे मुलांनी चिरावीत. दस्तरखान पुरुषांनी उचलावे, भांडी त्यांनीच घासावीत. याने कुणाचा रोजा मकरूह होत नाही. त्यातून सुटलेली वीस मिनिटे बाईने पुन्हा दुसऱ्या कामात घालू नयेत, यासाठी घरातल्या कुणीतरी ‘चल, दोन चकरा मारून येऊ’ म्हणून चप्पल घालून दारात उभे राहावे.

ईदनंतर मात्र बहुतेक घरांत सगळे एकदम थांबते. शीरखुर्म्यापासून सुरू झालेले खाणे आठवडाभर चालते आणि पहाटेची जाग परत आठ वाजता येऊ लागते. खरे तर पुढच्या शव्वाल महिन्यात सहा नफिल, म्हणजे ऐच्छिक, रोजे ठेवण्याची जुनी रीत आहे. सवय एकदम तुटू नये याची तजवीजच जणू. थोडे पण नेमाने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय, अशा आशयाची हदीस मशिदीमशिदीतून ऐकवली जाते. त्या सहा दिवसांना पहाटेच्या अर्ध्या तासाचे चालणे जोडता आले तर साडेचारचे उठणे निदान साडेपाचवर येऊन टिकेल. तरावीहच्या रांगेतलाच शेजारी सोबतीला घ्यावा. त्याला घर माहीत आहे, फोन नंबर माहीत आहे, आणि न आल्यास विचारायची सवयही लागली आहे.

नगरपालिकेकडे आणि शाळांच्या संस्थांकडेही एक काम उरते. शाळांची मैदाने संध्याकाळी कुलपात असतात. बायकांना चालायचे म्हटले तर उरतो तो रस्ता, ज्याच्या पदपथावर हातगाड्या आणि दुचाक्या. उर्दू शाळा असो की मराठी, एकेका प्रभागातले एक मैदान संध्याकाळी साडेसात ते नऊ फक्त महिलांसाठी उघडे ठेवायला लागतात चार दिवे, एक फाटक आणि किल्ली सांभाळणारे एक माणूस. पहिल्या आठवड्यात दहाजणी येतील, त्यात खातूनही असतील आणि काकूही. किल्ली कुणाकडे ठेवायची एवढे ईदच्या आत ठरवावे.