काचपेटीतील हिरवी पात

दुकानाच्या दर्शनी भागात अथवा घराच्या दिवाणखान्यात मत्स्यपेटी ठेवण्याची रीत आता व्यापारी कुटुंबांतही रूढ झाली आहे. मुलांना ती हवी असते. वडीलधाऱ्यांना मात्र पंचेंद्रिय जीवाला काचेत कोंडून शोभा पाहणे रुचत नाही. मासे न ठेवता केवळ जलवनस्पतींची पेटी करणे, हा यातील एक मध्यममार्ग होय. त्यासाठी व्हॅलिस्नेरिया ही सोशिक वनस्पती फार सोयीची आहे.

फितीसारख्या लांब पानांच्या या वनस्पतीला इटलीतील निसर्गाभ्यासक अंतोनियो व्हॅलिस्नेरी यांचे नाव मिळाले आहे. आपल्याकडील तळ्यांत व संथ प्रवाहांतही ती आढळते. तिची नर व मादी फुले वेगवेगळ्या रोपांवर येतात. सूक्ष्म नरफुले देठापासून सुटून पृष्ठभागावर तरंगत मादीफुलापर्यंत पोहोचतात. परागीभवनानंतर मादीफुलाचा लांब देठ मळसूत्रासारखा वळतो आणि फळाला पाण्याखाली ओढून घेतो.

पेटीच्या तळाशी धुतलेल्या जाड वाळूचा पाच ते सात सेंटिमीटर थर द्यावा. मुळे वाळूत पुरावीत, पण पाने जेथून फुटतात तो बुडखा वर राहू द्यावा. तो गाडला गेल्यास रोप कुजते. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. बोअरचे किंचित जड पाणीही या रोपाला मानवते. दररोज सुमारे आठ तास दिव्याचा प्रकाश पुरे. नव्या जागी प्रारंभी जुनी पाने विरघळतात. तेवढ्यावरून रोप उपटू नये. मुळे शाबूत असतील तर काही आठवड्यांत नवी पात येते. पुढे धुमारे फुटून शेजारी पिले रोपे उभी राहतात. पिलाला तीन-चार पाने आल्यावरच धुमारा कापावा.

प्रकाश अधिक झाला की काचेवर शेवाळ धरते. शेवाळ म्हणजे अनंतकाय. ते वाढू देऊन नंतर खरवडण्यापेक्षा दिव्याची वेळ आधीच आटोक्यात ठेवणे विवेकाचे. रोपांबरोबर गोगलगायीची अंडी येण्याचा संभव असतो. ही द्वींद्रिय जीवाची उत्पत्ती. म्हणून आणताना पानांच्या खालच्या बाजू नीट पाहून स्वच्छ रोपच निवडावे. मासे नसलेल्या स्थिर पाण्यात डास अंडी घालतात, आणि डेंग्यूचा डास तर घरातील स्वच्छ पाणीच शोधतो. तेव्हा पेटीवर दाट विणीचे कापड कडेपर्यंत घट्ट ताणून बसवावे. पाणी गाळणाऱ्या घराला कापडाचे महत्त्व सांगावयास नको.

खरी कसोटी पेटी नकोशी झाल्यावर लागते. पुष्कळ सज्जन मंडळी जीवदयेच्या भावनेने मासे व वनस्पती जवळच्या नदीत किंवा तलावात सोडतात. हेतू शुद्ध असला तरी परिणाम घातक होतो. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी तिच्या फुलांच्या शोभेसाठीच जगभर नेली गेली. आज महाराष्ट्रातील कित्येक नद्यांचे पात्र तिने झाकले आहे. तिच्याखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही, प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. दुकानातून आणलेली रोपे नेमकी कोणत्या देशीची, हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

आपल्या पूर्वजांनी पाणी गाळल्यावर जीवाणी त्याच विहिरीत परत सोडण्याचा दंडक घातला, दुसऱ्या विहिरीत नव्हे. एका पाण्यातील जीव दुसऱ्या पाण्यात टिकत नाही, ही जाण त्यामागे होती. परका जीव तेथील जीवांना टिकू देत नाही, ही त्याच जाणिवेची दुसरी बाजू. म्हणून जादा रोपे दुसऱ्या पेटीधारकाला द्यावीत. कापलेली पाने कुंडीतील मातीत मिसळावीत आणि बदललेले पाणी झाडांना घालावे.

गृहस्थाला स्थावर हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही. परंतु विनाकारण पाणी सांडणे व वनस्पती तोडणे याला अनर्थदंडात स्थान दिलेले आहे. पेटी लहान असावी, रोपे मोजकी असावीत, आणि घरात आणतानाच तिचा शेवटपर्यंतचा सांभाळ कोण करणार, हे ठरलेले असावे.