निकष आणि निदान

मनाच्या व्याधीचे निदान पक्के करील अशी रक्ताची तपासणी नाही की क्ष-किरणाचे चित्र नाही. रुग्ण सांगेल ते ऐकावे, आप्तांकडून पडताळावे आणि ठरलेल्या निकषांशी ताडून निर्णय करावा, हेच मानसोपचारतज्ज्ञाचे मुख्य साधन होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या या निकषांची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. दहापैकी किमान पाच लक्षणे, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे दिसली तर ते नैराश्य. आणि त्यांत खिन्नता किंवा कशातच गोडी न वाटणे यांपैकी एक असलेच पाहिजे, असे ती सांगते.

वाचावयास हे सोपे आहे. अमरावती-अकोल्याच्या बाह्यरुग्ण विभागात लागू करणे तितके सोपे नाही. तेथे येणारा शेतकरी आपण खिन्न आहोत असे सांगत नाही. डोके जड पडते, छाती धडधडते, झोप लागत नाही, ‘मनच लागत नाही जी’, एवढेच तो बोलतो. कपाशी बोंडअळीने खाल्ली आणि सोसायटीचे कर्ज थकले, हे तो विचारल्यावाचून सांगणारही नाही. मग त्याचा निद्रानाश हा रोग समजावा की कर्जाची चिंता? कोणाच्याही आर्थिक वा सामाजिक स्थितीवरून त्यास मनोरुग्ण ठरवू नये, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा बजावतो, आणि ते योग्यच आहे. शेतमालाच्या भावाचा प्रश्न गोळ्यांनी सुटणारा नव्हे. परंतु ‘एवढे कर्ज असल्यावर कोणालाही वाईट वाटणारच’ असे म्हणून त्यास घरी धाडणे, ही आमच्या मते अधिक घातक चूक होय. दुःखाचे कारण समजले म्हणून त्यातील जिवाचा धोका कमी होत नाही.

असे रुग्ण शोधता येतात, हे याच जिल्ह्याने दाखविले आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. त्याआधी नैराश्यग्रस्तांपैकी अवघे ४.३ टक्के लोक उपचारास जात. दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्के झाले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेला अहवाल सांगतो. शासनाच्या २०१५ च्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही आशा स्वयंसेविकांनी घरोघर प्रश्नावली नेली. पण प्रश्नावली ही चाळणी आहे, निदान नव्हे. चिठ्ठीवरील गुणांची बेरीज पाहून औषध लिहिले गेले, तर तज्ज्ञाची गरजच काय?

२०११ मध्ये ४४ देशांतील मानसोपचारतज्ज्ञांची मते घेण्यात आली, तेव्हा दोन-तृतीयांशांहून अधिकांनी ताठर नियमांपेक्षा लवचिक मार्गदर्शन पसंत केले. आम्हांसही ते पटते. मात्र लवचिकतेला वेळ लागतो. पाच मिनिटांत तिचा केवळ अंदाज होतो. म्हणून केसपेपरवर रोगाच्या नावाबरोबर कोणती लक्षणे, केव्हापासून आणि त्यामुळे कोणते काम थांबले, हे लिहिलेच पाहिजे. रुग्णाच्या संमतीने घरच्या एका माणसाशी बोलावे. शंका असेल तेथे लवकरच पुन्हा बोलवावे. किती रुग्ण तपासले याबरोबर दुसऱ्या भेटीस किती आले, हा आकडाही दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्याधिकाऱ्यांनी दरमहा जाहीर करावा.