लहान मासा म्हणजे कोवळा मासा काय?

मासा आकाराने लहान, म्हणजे वयानेही लहान, अशी समजूत मत्स्यव्यवसायात रूढ आहे. जाळ्याच्या आसाविषयीचे नियम बहुधा तिच्याच आधारे केले जातात. परंतु ही समजूत प्रत्येक जलाशयास लागू पडत नाही, हे आइसलँडमधील थिंगवल्लावात्न सरोवरावरून स्पष्ट होते.

हिमयुगाच्या अखेरीस, सुमारे १०,००० वर्षांपूर्वी निर्माण झालेले हे सरोवर ११४ मीटरपर्यंत खोल आहे. त्यात आर्क्टिक चार या एकाच जातीचे चार प्रकार नांदतात. दोन तळाशी राहून मुख्यत्वे गोगलगाई खातात. त्यांपैकी ठेंगणा प्रकार लाव्हाच्या दगडांच्या फटींत वावरतो व बोटभर लांबीचा असतानाच प्रजननक्षम होतो. दुसरा बराच मोठा वाढतो. तिसरा प्रकार मोकळ्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांवर, तर चौथा इतर माशांवर जगतो. मोठा तळवासी प्रकार जुलै-ऑगस्टमध्ये अंडी घालतो. सूक्ष्म प्राणी खाणाऱ्याचा हंगाम त्यानंतरचा. पिले सारख्याच परिस्थितीत वाढविली, तरी त्यांच्यातील काही भेद कायम राहतात. म्हणजे हे भेद केवळ अन्नाच्या कमीअधिकपणाचे नव्हेत.

अशा सरोवरात एकाच मोठ्या आसाचे जाळे वापरल्यास केवळ मोठे प्रकार सापडतील. ते घटले तरी लहान प्रकारांच्या विपुलतेमुळे जातीची एकूण संख्या समाधानकारक भासेल आणि हानी उशिरा ध्यानात येईल. एकच नियम अंमलात आणण्यास सोपा, हा आक्षेप खोटा नाही. परंतु प्रत्येक प्रकाराच्या विणीची जागा व काळ राखणे हेही अवघड नाही. याच सरोवराच्या मुखाशी १९५९ साली वीजकेंद्र उभारले गेले, तेव्हा तपकिरी ट्राउटची विणीची महत्त्वाची जागा नष्ट झाली. एकदा गेलेली अशी जागा सहजासहजी परत मिळत नाही.

मात्र हे उदाहरण डोळे मिटून सर्वत्र लावणेही योग्य नव्हे. १९५२ साली भारतात आणलेली तिलापिया, म्हणजेच चिलापी, तळ्यात दाटी झाली की खुरटते व लहानपणीच अंडी घालू लागते. तेथे दाटी कमी करणे हाच उपाय होय. कटला व रोहू यांची लहान मासळी मात्र खरोखरच कोवळी असते; तिला वाढू देणेच हिताचे.

आकार एक, कारणे तीन आणि उपायही तीन. म्हणून आसाचा नियम ठरविण्यापूर्वी माशात गाभोळी धरली आहे काय हे पाहावे व खवल्यावरील अथवा कर्णास्थीवरील वलयांवरून त्याचे वय अजमावावे. केवळ पट्टीने मोजलेल्या लांबीवर विसंबून केलेला नियम तळ्याचेही हित साधत नाही आणि मच्छीमाराचेही नाही.