असं का होतं? : कॅमेऱ्याचं पोट कॉम्प्युटरवर भरतं का?



दिवाळीत कपाटं आवरायला काढली की हल्ली बऱ्याच घरांत एक वस्तू सापडते. डिजिटल कॅमेरा! मोबाईलमध्ये चांगले कॅमेरे यायच्या आधी लग्नाबारशांत आणि सहलीला हाच मिरवायचा. आता तो कापडी पिशवीत गुंडाळून ठेवलेला असतो. सोबत वायर असते आणि चार्जर मात्र हरवलेला असतो!

आमच्या पळसदरीतल्या एका मुलीच्या घरी अस्साच कॅमेरा निघाला. तिच्या आजोबांचा. आजोबा आता नाहीत, पण त्यांनी काढलेले फोटो आत आहेत. ते पाहायची घाई सगळ्यांनाच. वायर कॉम्प्युटरला लावली, कॅमेऱ्याचा पडदा उजळला, "चार्ज होतोय!" म्हणून सगळे खूश. आणि थोड्या वेळानं कॅमेरा साफ बंद. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "बाई, वायर लावल्यावर बॅटरी भरायची सोडून उलटी संपली कशी? आणि आजोबांचे फोटो गेले का हो?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण खरी काळजी त्याचीच होती. फोटो गेले नाहीत. बॅटरी म्हणजे खोलीतला दिवा समजा. दिवा मालवला म्हणून खोलीतलं सामान कुठं जातं का? फोटो असतात मेमरी कार्डावर, आणि वीज नसली तरी कार्ड ते धरून ठेवतं. कॅमेरा बंद करून कार्ड हलकेच बाहेर काढायचं, कार्ड रीडरमध्ये घालायचं आणि फोटोंची नक्कल कॉम्प्युटरवर उतरवायची. नक्कल म्हटलंय बरं का! मूळ फोटो तिथून पुसायचे नाहीत. बॅटरीचं काय ते मग सावकाश बघता येतं.

आता पहिला प्रश्न. ती वायर 'यूएसबी' जातीची. पूर्वी कॉम्प्युटरला कीबोर्डाचं भोक वेगळं, माऊसचं वेगळं, प्रिंटरचं आणखी वेगळं. हा गोंधळ संपवावा म्हणून १९९६ साली यूएसबीचे पहिले नियम प्रसिद्ध झाले. ते घडवणाऱ्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट हे एक प्रमुख नाव. ते शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. सयाजीराव गायकवाड तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात भेटतातच!

या नेहमीच्या यूएसबी वायरच्या पोटात चार तारा असतात. दोन माहिती नेण्या-आणण्यासाठी आणि दोन विजेसाठी. वीज असते ५ व्होल्टची आणि तीही बेताची. माऊस, कीबोर्ड यांची गरज भागावी एवढीच. पाहुण्याला चहा-पोहे द्यावेत तसं, पंगत काही मांडलेली नाही.

त्यामुळं बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत ही वायर फक्त फोटो उतरवण्यापुरतीच दिलेली असे. वायरमधून बॅटरीकडं वीज जायला आत वाटच केलेली नसे. बॅटरी काढायची आणि वेगळ्या चार्जरमध्ये ठेवायची, अशीच रीत होती. अशा कॅमेऱ्याला वायर लावली की तो जागा होतो, कॉम्प्युटरशी बोलत बसतो आणि तेवढा वेळ स्वतःचीच शिदोरी खातो. त्या मुलीच्या घरी हेच झालं होतं. उजळलेला पडदा म्हणजे बॅटरी भरण्याची खूण नव्हती, संपण्याची होती!

नंतरच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत मात्र वायरनं बॅटरी भरायची सोय आली. तुमचा कुठल्या जातीचा, हे माहितीपुस्तिकेत असतं. ती नसेल तर कॅमेरा बंद करून वायर लावा आणि चार्जिंगचा बारीक दिवा लागतो का पाहा. बंद करून का? कारण यातले बरेचसे कॅमेरे बंद असतानाच बॅटरी भरतात. आणखी एक खोच. कॉम्प्युटर झोपी गेला की काही वेळा वायरमधली वीजही थांबते. रात्रभर लावून ठेवला आणि सकाळी बॅटरी रिकामी, याचं कारण बहुधा हेच.

मग वेळ किती लागतो? यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीचा नियम असा की, नव्यानं जोडलेल्या वस्तूला आधी फक्त १०० मिलिअँपिअर मिळतात. तिनं रीतसर मागणी केली आणि कॉम्प्युटरनं मान्य केली, तर ५०० पर्यंत. समजा, बॅटरीवर १००० एमएएच लिहिलंय. ५०० नं भागलं की दोन तास. पण प्रत्यक्षात अडीच-तीन तास लागतात. कळशी भरत आली की आपण नळ बारीक करतो ना, सांडू नये म्हणून? कॅमेऱ्याची लिथियम बॅटरीही शेवटी तशीच हळूहळू भरावी लागते. मधल्या सुट्टीत हे काम उरकायचं नाही!

आता हिशेबातली खरी गंमत पाहू. आपल्या पळसदरीहून खोपोलीची लोकल धरली की केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली. तिथं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ सालापासून आहे. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी घाटावरून सुमारे ५०० मीटर खाली येतं, चाकं फिरवतं आणि पुढं पाताळगंगेला मिळतं. (आपल्या घरातली वीज महावितरणच्या तारांतून येते, पण गणितासाठी खोपोलीचंच पाणी घेऊ.) एक लिटर पाणी एवढ्या उंचीवरून उतरलं तर त्यातून जास्तीत जास्त १.३६ वॉट-तास वीज मिळेल. आपली बॅटरी ३.७ व्होल्टची आणि १००० एमएएचची, म्हणजे ३.७ वॉट-तासांची. भागाकार करा. पावणेतीन लिटर! तीन बाटल्यांहूनही कमी पाण्यात कॅमेऱ्याचं पोट भरलं.

पण तेवढ्यासाठी टेबलावरचा कॉम्प्युटर तीन तास चालू ठेवला तर? पडद्यासकट त्याला १०० वॉट लागतात असं धरू. तीन तासांचे झाले ३०० वॉट-तास, म्हणजे सुमारे २२० लिटर पाणी. मोठ्या वीस लिटरच्या बादलीनं अकरा बादल्या! वाटेतली गळती आपण धरलेलीच नाही. ती धरली तर दोन्ही आकडे वाढतील.

तेव्हा ताई कॉम्प्युटरवर काम करत असेल तर खुशाल कॅमेरा जोडा. नुसत्या कॅमेऱ्यासाठी कॉम्प्युटर लावून ठेवणं मला तरी पटत नाही. वायरनं चार्ज होणारा कॅमेरा असेल, तर ५ व्होल्ट देणारा मोबाईलचा चांगला चार्जर चालतो. कॅमेरा हवी तेवढीच वीज ओढतो. पावसाळ्यात आपल्याकडं वीज जाते तेव्हा मात्र भरलेला लॅपटॉप उपयोगी पडतो. त्याच्या बॅटरीतून कॅमेऱ्याची बॅटरी भरून घेता येते.

आईबाबांनीही वाचावं असं थोडं. बॅटरी फुगलेली दिसली, तर ती चार्ज करायची नाही, टोचायची नाही, केराच्या बादलीत तर मुळीच टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडं द्यावी. उघड्या तारा बॅटरीच्या टोकांना लावून 'जुगाड' करणं म्हणजे आगीशी खेळ. लिथियम बॅटरी साधारण ४.२ व्होल्टला भरली की थांबावंच लागतं, आणि ते थांबवायचं काम चार्जर करतो, उघडी तार नाही. म्हणून त्याच बॅटरीसाठीचा चार्जर घ्यावा. त्या मुलीच्या बाबांनी तसाच आणला. आणि कॅमेरा साध्या पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर? साधे सेल कधीच चार्ज करायचे नसतात. 'रिचार्जेबल' लिहिलेलेच करायचे, तेही त्यांच्या स्वतःच्या चार्जरमध्ये.

या आठवड्याचा उद्योग : घरातले सगळे चार्जर गोळा करा. भिंतीतून काढलेले, बरं का! मोठ्यांना सोबत घ्या. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'आउटपुट' असं इंग्रजीत लिहिलेलं सापडेल. त्यापुढचे व्होल्ट आणि अँपिअर वहीत उतरवा आणि त्यांचा गुणाकार करा. आले वॉट! कॉम्प्युटरच्या वायरचे मात्र ५ गुणिले ०.५, म्हणजे अडीच. तुमच्या घरात पहिला नंबर कोणाचा आणि अडीचच्याही खाली कोणी सापडतो का, ते मला कळवा.

तुमच्या बाई