४५६ उमेदवार आणि आपली आळशी लेखणी

वाचकहो, फराळाच्या ताटापुढे कडू बोलू नये म्हणतात. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून जिभेला लावल्याशिवाय आपण फराळाला बसत नाही, तेव्हा हे कडू आपलेच समजून घ्या.

मे महिन्याच्या सुटीत नात आली होती. तिला शाळेसाठी लोकसभेच्या एका निवडणुकीवर टिपण लिहायचे होते. हल्लीच्या मुलांचा ग्रंथालयाशी संबंध म्हणजे हातातला फोन. त्यावर तिने तो सगळ्यांनी मिळून लिहायचा ज्ञानकोश उघडला आणि १९९६ ची निवडणूक काढली. वाजपेयींचे तेरा दिवसांचे सरकार होते. मग देवेगौडा पंतप्रधान झाले, तेही होते. मी विचारले, ‘‘आणि बेळगावचे?’’ ती म्हणाली, ‘‘आज्जा, बेळगावचं काय त्यात?’’

काय त्यात! त्या वर्षी बेळगाव लोकसभा मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीने बघावे म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीच्या हाकेला ओ देऊन गावोगावच्या माणसांनी अर्ज भरले होते. अनामत रक्कम तेव्हा ५०० रुपये. शेतकरी, दुकानदार, मास्तर, ज्याला जमेल त्याने भरली. मतपत्रिका कसली, बाडच ते! उमेदवाराचे नाव शोधता शोधता मतदाराला घाम फुटायचा. निवडून आले जनता दलाचे शिवानंद कौजलगी, आणि आपल्या बहुतेकांच्या अनामती बुडाल्या. पण त्याच निवडणुकीत आंध्रातल्या नलगोंड्यात पाण्याच्या प्रश्नावर ४८० जण उभे राहिले आणि तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभेला १,०३३. या तीन ठिकाणांनी निवडणूक यंत्रणेच्या नाकी नऊ आणले. त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० झाली, अपक्षाला दहा सूचक लागू लागले. देशाच्या निवडणूक कायद्यात झालेल्या या बदलाला आपल्या माणसांचा हात लागला होता, आणि ही गोष्ट नातीने उघडलेल्या पानावर नव्हती.

मी तावातावाने सांगितले. नातीने टाइप केले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो मजकूर गायब! कारण दिले होते: संदर्भ नाही. माझा संताप झाला. आमच्या डोळ्यांदेखत घडलेल्याला पुरावा मागणारे हे कोण? दिवसभर धुमसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले की मी स्वतः एका कचेरीत तीस वर्षे हिशेब तपासले आणि व्हाउचर नसलेली नोंद कधी पास केली नाही. ‘‘साहेब, मी प्रत्यक्ष दिलेत हो पैसे,’’ असे काकुळतीने सांगणाऱ्यालाही परत पाठवले. मग माझी नोंद त्यांनी का पास करावी?

तेव्हा राग त्या कोशावर नको. इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये निघाला, मराठी १ मे २००३ ला. तारीख पाहा, महाराष्ट्र दिन! त्याचे नियम सरळ आहेत. कोणीही लिहावे, छापील आधार द्यावा, बाजू घेऊ नये, स्वतःच्या आठवणी पुरावा म्हणून लावू नयेत. यातला कुठला नियम सीमाभागातल्या माणसाला जड आहे? जड आहे ते बसून लिहिणे.

आपल्याकडे भाषणाला हजार माणसे जमतात. हुतात्मा दिनाला जमतात, काळ्या दिनाच्या फेरीला जमतात. मीही गेलो आहे, जाईन. पण १९९६ च्या अर्ज भरलेल्यांची यादी कोणाकडे आहे म्हणून विचारा, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. जुन्या अंकांच्या चवडी रद्दीवाल्याकडे गेल्या, पत्रके फराळाच्या पुड्या बांधायला गेली. आणि मग आपणच म्हणणार, की आमचा इतिहास दडपला! दडपायला आधी तो कुठे लिहिलेला तर हवा.

दुसरी एक जात आहे, ती तरुणांची. त्यांना लिहायचे असते, पण काय? तर रात्री बसून ‘बेळगावी’ खोडून ‘बेळगाव’ करायचे, सकाळी पलीकडचा गडी ‘बेळगाव’ खोडून ‘बेळगावी’ करतो. अरे बाबांनो, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बदलले, हे खरे. निवडणूक आयोगाच्या यादीत लोकसभा मतदारसंघाचे नाव अजून बेळगावच आहे, हेही खरे. दोन्ही गोष्टी तारखेसह एका वाक्यात लिहा आणि पुढे चला! चार अक्षरांवर रात्री जाळता, त्याच पानावर २०२१ च्या पोटनिवडणुकीचा परिच्छेद कोण लिहिणार? सुरेश अंगडी २०२० मध्ये कोरोनाने गेले, त्यांच्या पत्नी मंगला अंगडी अवघ्या ५,२४० मतांनी निवडून आल्या, आणि समितीच्या तरुण उमेदवाराला १ लाख १७ हजारांवर मते पडली. जिंकण्या-हरण्याच्या फरकाच्या वीस पटींहून अधिक! एवढे नुसते आकडे मांडले तरी वाचणारा चमकतो. ‘अन्याय’ हा शब्द न लिहिताही.

हे मात्र पटवून घ्यायला कठीण जाते. आपल्याला विशेषणे आवडतात. तटस्थ लिहायचे म्हणजे हेही लिहावे लागेल की मराठी मतदारांतले कितीतरी जण राष्ट्रीय पक्षांना मते देत आले, समितीत फुटी पडल्या. दुखेल. पण दुखणारे गाळून लिहिलेले पान समोरचा एका मिनिटात खोडतो, आणि मग त्याच्याबरोबर खरेही जाते.

कोणी म्हणेल, पुण्या-मुंबईची शिकलेली मंडळी आहेत की, ती लिहितील. त्यांच्यावर विसंबू नका. त्यांना वाटते बेळगाव जिल्हा म्हणजे बेळगाव मतदारसंघ. खानापूरचा मराठी माणूस लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात मत देतो, कारवार-शिरसीबरोबर, आणि निपाणीचा चिकोडीत, हे त्यांनी कुठून जाणावे? २०२४ ला खानापूरच्या माजी आमदार अंजली निंबाळकर उत्तर कन्नडात उभ्या होत्या आणि कागेरींकडून हरल्या. सीमाभागाची मते तीन ठिकाणी कशी वाटली जातात, हे या एका उदाहरणावरून उलगडते. पण ते उलगडून सांगायला खानापूरचा रस्ता तुडवलेला माणूस हवा.

शिवाय आपल्याजवळ एक गोष्ट आहे जी पुण्याच्या विद्वानाजवळ नाही. आपल्याला कन्नड वाचता येते. बाजारात, बँकेत, मुलांच्या वह्यांत आपण रोज वाचतो. त्या काळची कन्नड दैनिके काय म्हणत होती, हे मराठीत आणणारा माणूस आपल्याच गल्लीत राहतो. कन्नडची सक्ती नको म्हणून आपण भांडलो, ते योग्यच होते. पण आलेली भाषा वापरायची नाही, ही कसली जिद्द? इंदूर-बडोद्याच्या वाचकांनीही हिंदी-गुजरातीबद्दल हाच प्रश्न स्वतःला विचारावा. हैदराबादकरांना तर ताजे उदाहरण आहे. २०१९ ला निजामाबादेत हळदीच्या भावासाठी शेतकरी उभे राहिले, एकूण १८५ उमेदवार. तेलुगूत त्याच्यावर रकाने भरले असतील. बेळगावच्या ४५६ शी त्याची सांगड मराठीत घालायला आपल्यापैकी कोणाची परवानगी लागते का?

‘कोर्टात दावा २००४ पासून पडून आहे, या पानांनी काय होणार?’ असे माझा एक स्नेही म्हणाला. दाव्याचे काहीही होणार नाही, हे मलाही कळते. पण आता मुले पुस्तकाला विचारत नाहीत, यंत्राला विचारतात, आणि यंत्र असलीच पाने वाचून उत्तर देते. पानावर नसलेले बेळगाव यंत्राच्या उत्तरात कुठून येणार?

माळ्यावरची ट्रंक मी उतरवली आहे. १९९६ च्या एप्रिल-मे महिन्यातले अकरा अंक निघाले, दोन वाळवीने खाल्लेले. नात दिवाळीला येते आहे. ती टाइप करील, मी पान-तारीख सांगीन. ज्यांच्या घरी त्या वर्षीची अर्जाची पावती, पत्रक किंवा कन्नड दैनिकाचा अंक असेल, त्यांनी तो यंदाच्या साफसफाईत रद्दीत टाकू नये, एवढी विनंती.