आमच्या न्हाणयेक दारच नव्हता

चतुर्थीला दोन महिने उरले की मुंबईकरांचे फोन सुरू होतात. माटवीची चौकशी नंतर, आधी "बाथरूम कितपत आलं?" पडवीचा कोपरा अडवून चार बाय सहाचं न्हाणीघर काढायचं असतं. टाइल कुठली, गिझर कुठला यावर व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडाभर खल चालतो. दार कुठे उघडायचं, हे कोणी विचारत नाही. मेस्त्री ते आत उघडणारं बसवून मोकळे होतात.

आमचंही आतच उघडायचं. गेल्या श्रावणात आई पाय घसरून पडली ती नेमकी दाराला पाठ लावून. कडी लावलेली नव्हती, तरी दार चार बोटं सरकलं आणि तिच्या खांद्याला अडलं. जोर लावावा तर तिलाच लागणार. भाऊ स्क्रूड्रायव्हर घेऊन धावला आणि तिथेच थबकला. दार ज्या अंगाला उघडतं त्याच अंगाला बिजागऱ्या, म्हणजे सगळे स्क्रू आईच्या बाजूला! शेवटी शेजारच्या मुलाने पीव्हीसीची खालची पट्टी कोयत्याने कापली आणि तो सरपटत आत गेला. हाड मोडलं नव्हतं. खाटेवर टेकल्यावर आईचं पहिलं वाक्य : "आमच्या न्हाणयेक दारच नव्हता."

खरंच नव्हतं. मागीलदारी चिऱ्याचा आडोसा, वर विणलेली झापं, भाण्याखाली सोडणांचा जाळ. सांडपाणी थेट माडाच्या आळ्यात. आत कोणी "गो बाय" म्हटलं तरी चुलीपाशी ऐकू जाई. २०१६ साली ग्रामीण स्वच्छतेत मैदानी जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्ग देशात पहिला आला, त्याचा अभिमान आहेच. पण परसातलं न्हाणं आणि संडास आपण घरात आणले, ते एका खोलीत कोंबले आणि वर आतून कडी घातली.

अडीच फुटी दार उघडताना पाचेक चौरस फूट जमीन अडवतं. चोवीस चौरस फुटांच्या खोलीतला हा पाचवा हिस्सा झाला, आणि पडलेलं माणूस बहुधा तिथेच असतं. सुगम्य इमारतींसाठी केंद्राने २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांगांच्या प्रसाधनगृहाचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं सांगितलं आहे, शिवाय ९०० मिलिमीटर मोकळी वाट. घरगुती न्हाणीघराला ही सक्ती नाही. पण म्हातारपण घरातच येतं ना?

आमच्या मेस्त्रींनी मान हलवली. "बाय, भायर उघडला तर बरा दिसणा नाय." दिसण्याचं जाऊ द्या, त्यांची दुसरी शंका रास्त होती. दारावर उडालेलं पाणी मग पडवीत ठिबकणार. म्हणून अर्धा इंचाचा उंबरा ठेवला, उतार आतल्या कोपऱ्याकडे काढला आणि नळ-बादली समोरच्या भिंतीला नेली. बिजागऱ्या कोपऱ्याकडच्या बाजूला घेतल्या, म्हणजे उघडं दार भिंतीला टेकतं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळावर येत नाही. दिव्याचं बटण कडीच्या बाजूला आणलं. आधी ते दारामागे शोधावं लागे. कडी अशी, की बाहेरून नाणं घालून फिरवता येते. सरकत्या दाराचा मोह मी टाळला, कारण किनाऱ्यावर वाळू आणि खारा वारा त्याचा रूळ धड राहू देत नाहीत. त्याच खाऱ्या वाऱ्यामुळे बिजागऱ्याही लोखंडी नकोत, पितळेच्या घ्या.

बदलताना सगळ्यात जास्त खर्च दाराला नाही, ग्रॅनाइटच्या चौकटीला आला. दार कुठल्या अंगाला बसणार हे तिच्या खाचेनेच ठरतं, त्यामुळे ती फोडून नवी बसवावी लागली. तुमची चौकट अजून अंगणात भिंतीला टेकलेली असेल, तर आज संध्याकाळीच मेस्त्रींना फोन करा.