विश्लेषण : जुन्या मोटारसायकलचे हेडलाइटचे बटण काढावे का?

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. दुचाकी दिवसाही लांबून दिसावी, हा त्यामागचा हेतू. त्याआधीच्या गाड्यांना ही सक्ती नाही. तरी काही जण बटण काढून वायर थेट जोडून घेतात.

धोका काय?
१२ व्होल्टवर ३५ वॉटचा बल्ब सुमारे तीन अँपिअर वीज खेचतो. दिवा बॅटरीवर असेल, तर थेट जोडणीमुळे चावी फिरवताच तो लागतो आणि सेल्फ मारताना बॅटरीवर जास्तीचा भार पडतो.

मग उपाय?
निघताना बटण दाबा. हेतू तेवढ्याने साधतो. बटण तापत असेल, तर मात्र ते दुरुस्त करून घ्या. जास्त वॉटचा बल्ब बसवू नका.